डिशवॉशर बिघडला? आधी पाण्याच्या मागे जा

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीत अकरा घरांत डिशवॉशर आहे आणि त्यांतल्या सात-आठ यंत्रांसमोर मी गुडघे टेकून बसलेलो आहे. मी कुठल्या कंपनीचा मेकॅनिक नव्हे. सातपूरच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षे मेंटेनन्सला होतो, त्यामुळे पंप, व्हॉल्व्ह आणि पाइप यांची भाषा थोडी कळते. एवढे भांडवल पुरते. "काका, जरा येऊन बघता का? मशीन नुसतं घुं घुं करतंय, आत पाणी तसंच आहे," अशी हाक आली की मी टॉर्च आणि जुना स्पंज घेऊन जातो. दहांतल्या आठ वेळा मशीन धडधाकट निघते. पाणी नीट येत नसते, किंवा नीट जात नसते, किंवा आलेल्या पाण्यात नको ते असते.

म्हणून बसवणे, बिघाड आणि निगा असे तीन वेगळे विषय न करता मी पाण्याच्या वाटेनेच सांगतो. वाट कळली की बाकीचे आपोआप लक्षात राहते.

दार बंद केल्यावर

पुष्कळांची समजूत असते की दार लावले की आत टाकीसारखे पाणी भरते आणि भांडी त्यात बुडतात. तसे काही होत नाही. तळाशी जेमतेम तीन-चार लिटर पाणी येते. तेच पाणी पंप पुन्हा पुन्हा उचलतो, हीटर तापवतो आणि फिरते पंखे भांड्यांवर फवारतात. या पंख्यांना स्वतःची मोटर नसते. दिवाळीतले भुईचक्र आठवा. ठिणग्या एका दिशेला उडतात आणि चक्र उलट्या दिशेला गरगरते. इथे ठिणग्यांच्या जागी पाणी असते. पंख्याच्या तिरक्या भोकांतून ते जोरात सुटते आणि त्या धक्क्यानेच पंखा फिरतो. म्हणजे भोके बुजली, पाणी कमी पडले किंवा एखाद्या कढईचा कान आडवा आला, की पंखा जागच्या जागी. त्याखालची भांडी ओली होतात, स्वच्छ होत नाहीत.

फवारलेले पाणी खाली येताना जाळीतून गाळले जाते आणि पुन्हा पंपाकडे जाते. थोड्या वेळाने ते सगळे बाहेर फेकले जाते आणि नवे आत येते. अशा काही फेऱ्या मिळून एका वेळेला साधारण दहा लिटर, म्हणजे मध्यम बादलीभर पाणी लागते. जाहिरातीतल्या 'चौदा प्लेस सेटिंग'वर मात्र जाऊ नका. ती युरोपातली पंगत आहे, बश्या आणि काटे-चमच्यांची. आपल्याकडे पातेले, कुकर, कढई आणि परात धरून चार-पाच माणसांचा दिवसभराचा पसारा मावतो.

'इको'ला तीन-साडेतीन तास लागतात, ही नेहमीची तक्रार. तिथे पाणी ५० अंशांच्या आसपासच तापवतात आणि उरलेले काम वेळाकडून करून घेतात. साबणातली एन्झाइम भाताचा स्टार्च आणि डाळीतली प्रथिने सावकाश तोडत बसतात. वीज जाते ती मुख्यतः पाणी तापवायला, मोटर फिरवायला फारशी नाही. त्यामुळे तीन तासांची इको फेरी एक तासाच्या ७० अंशांच्या फेरीपेक्षा स्वस्त पडते.

शेवटच्या फेरीत पाणी तापवून भांडी गरम केली जातात आणि वाफ आतल्या स्टीलच्या भिंतींवर जमून ओघळून जाते. स्टील आणि चिनी माती उष्णता धरून ठेवतात, म्हणून कोरडी निघतात. प्लॅस्टिकचे डबे लगेच निवतात आणि ओलेच राहतात. त्यासाठी मेकॅनिकला बोलावू नका. फेरी संपल्यावर दार चार बोटे उघडे ठेवा.

ओट्याखालची जागा: इथेच निम्मे लोक फसतात

ओट्यात बसवायचे यंत्र साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर खोल असते. त्याचे पाय वर-खाली करून उंची अंदाजे ८१.५ ते ८७.५ सेंटिमीटरमध्ये बसवता येते. म्हणजे ओट्याच्या खालच्या अंगाला निदान ८२ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. आता आपला ओटा मोजा. जमिनीपासून वरपर्यंत तो ८४ ते ८६ असतो. त्यातून ग्रॅनाइटचे दोन सेंटिमीटर वजा करा. आमच्याकडच्या जुन्या इमारतींत ग्रॅनाइटखाली कडप्पा असतो आणि मध्ये सिमेंटचा थर, ते आणखी तीन वजा. मागच्या दिवाळीत कोणी टाइलवर टाइल बसवून घेतली असेल तर अजून एक-दीड. राहिले ऐंशी, आणि यंत्र दारात उभे.

यावर उपाय आहेत, पण ते यंत्र घ्यायच्या आधीचे. खालचा कडप्पा तेवढ्या जागेपुरता कापून घेता येतो. त्याआधी ओट्याला बाजूने आधार आहे ना, हे गवंड्याला दाखवा. नाहीतर सुटे उभे राहणारे यंत्र घ्या. त्यांतल्या काहींचे वरचे झाकण काढता येते आणि उंची तेवढी घटते. कोणते काढता येते हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. विक्रेत्याच्या "होऊन जाईल" वर विसंबू नका.

मोजताना टेप एकदाच लावू नका. डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे मोजा. स्वयंपाकघराच्या फरशीला नहाणीकडे, म्हणजे पाणी जायच्या जमिनीवरच्या जाळीकडे, उतार असतो आणि पुढे ८२.५ असलेली जागा मागे ८१ निघते. कडप्प्याच्या उभ्या पाट्याही वर एक आणि खाली एक माप देतात. रुंदीत सगळ्यात कमी आलेला आकडा तो खरा.

एक चूक मात्र सुधारता येत नाही, म्हणून ती आधीच सांगतो. यंत्र बसवून झाल्यावर त्याच्या पुढ्यात नवी फरशी टाकू नका. यंत्र मागे खड्ड्यात आणि वर ओटा, अशा कैदेतून ते बाहेर काढायला एक तर फरशी फोडावी लागते नाहीतर ओटा. आमच्या समोरच्या इमारतीत मी हे पाहिले आहे. बिघाड दोनशे रुपयांच्या वॉशरचा होता.

ओट्यात बसणारी यंत्रे दोन जातींची. एकीत बटणांची पट्टी बाहेर दिसते आणि तिच्याखाली आपल्या कपाटासारखी फळी लावतात. दुसरीत फळी पूर्ण दारावर येते आणि बटणे दाराच्या वरच्या काठावर लपतात. चालू आहे की नाही ते कळावे म्हणून काहींत जमिनीवर दिव्याचा ठिपका पडतो. फळी किती वजनाची चालते ते पुस्तिकेत दिलेले असते आणि सुताराला ते आधी सांगायचे असते. जाड प्लायवर काच किंवा भारी लॅमिनेट चढवले की दार उघडताना धाडकन खाली येते. दाराच्या दोन्ही स्प्रिंगचा ताण स्क्रूने वाढवता येतो. दार आपोआप मिटत असेल तर तोच ताण कमी करायचा. ते मधेच सोडले तर तिथेच थांबायला हवे. फळीचा खालचा काठ दार उघडताना आत सरकतो, त्यामुळे खालची पट्टी तेवढी मागे घ्यावी किंवा कापावी लागते. सुतार हे हमखास विसरतात आणि पहिल्याच दिवशी लॅमिनेटचा कोपरा उडतो.

मग लेव्हल. पुढचे दोन पाय हाताने फिरतात. मागचा बहुतेक यंत्रांत पुढूनच एका स्क्रूने वर-खाली होतो. यंत्र वाकडे असेल तर दार एका बाजूच्या रबराला घासते आणि कोपऱ्यातून थेंब येतात. शेवटी यंत्र जागेवर जखडायचे. वरचा ओटा दगडाचा असल्याने तिथे स्क्रू जात नाही, म्हणून शेजारच्या कपाटाच्या प्लायला बाजूने पट्ट्या मारतात. हे केले नाही तर भरलेला खालचा ट्रे बाहेर ओढल्यावर सगळे यंत्र पुढे कलंडते. लहान मूल उघड्या दारावर चढून बसले तरी तेच.

विजेचे थोडक्यात. हीटर दोन किलोवॉटच्या घरातला असतो, म्हणून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि खरे अर्थिंग हवे. एक्स्टेन्शन बोर्ड नको. पॉइंट यंत्राच्या मागे नको, शेजारच्या सिंकखालच्या कपाटात, पाइपांपासून वर घ्या, म्हणजे यंत्र न ओढता पिन काढता येते. इन्व्हर्टरवर हे चालत नाही. मधेच वीज गेली तर बहुतेक यंत्रे वीज आल्यावर राहिलेल्या जागेवरून पुढे सुरू करतात.

पाणी येताना

मी शेवटच्या मजल्यावर राहतो. गच्चीवरून रामकुंडाच्या बाजूचे आभाळ छान दिसते, पण नळाला जोर नसतो. टाकीतल्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीला एक बार. यंत्राला निदान अर्धा बार लागतो, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा पाच मीटर वर हवी. शेवटच्या मजल्यावर ती दोन-तीन मीटर असते, त्याखालच्या मजल्यावर काठावर पास, आणि तळमजल्यावर काही चिंता नाही. त्यामुळे एकाच कंपनीचे तेच यंत्र पहिल्या मजल्यावर गुणी आणि सातव्यावर द्वाड ठरते. माझ्याकडे पहिल्या आठवड्यात चार वेळा पाण्याचा एरर आला. बसवून देणाऱ्याने यंत्र बदलायची तयारी दाखवली. मी नळाला बादली लावली. दहा लिटरला अडीच मिनिटे लागली! बऱ्याच यंत्रांना मिनिटाला दहा लिटर लागतात. छोटा प्रेशर पंप बसवला आणि तेच यंत्र आजतागायत चालू आहे. बादलीची ही परीक्षा यंत्र घ्यायच्या आधी करा, फुकट आहे.

जोडणीचे दोन बारकावे. एक, इनलेटच्या पाइपात रबरी वॉशर असतो आणि पाणी तो अडवतो. टेफ्लॉन टेपचे गठ्ठे गुंडाळून पान्याने आवळले की आटे मोडतात. हाताने घट्ट, वर पाव फेरा पुरे. दोन, काही यंत्रांच्या इनलेट पाइपाच्या नळाकडच्या टोकाला जाडसर डबी असते. ती गळती झाल्यास पाणी तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह आहे. "पाइप लांब आहे, कापू का?" असे प्लंबरने विचारले तर त्याचा हात धरा.

गच्चीवरच्या सोलरचे गरम पाणी जोडावे का, असे नाशकात बरेच जण विचारतात. काही यंत्रे ६० अंशांपर्यंतचे पाणी घेतात, पण एप्रिल-मेमध्ये सोलरचे पाणी त्याच्या वर जाते. थंड पाण्यावरच ठेवलेले बरे.

पाणी येत असूनही 'पाणी नाही' असा इशारा येत असेल तर इनलेटच्या तोंडाशी असलेली बोटाच्या पेराएवढी जाळी काढून बघा. सोसायटीची टाकी धुतली की दोन दिवसांनी माझा फोन वाजतो, तो या जाळीत बसलेल्या गाळामुळे.

पाण्यात काय आहे

शहराला गंगापूर, मुकणे आणि दारणा धरणांतले पाणी येते. ते पावसाचे साठलेले पाणी, तुलनेने मऊ. पण उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते. आपल्या काळ्या कातळातून मुरून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असते. तेच तापले की पांढरा थर होतो. गीझरच्या कॉइलवर दिसतो तो हाच. डिशवॉशरमध्ये तो हीटरवर, पंख्यांच्या भोकांत आणि ग्लासांवर बसतो.

यासाठी यंत्राच्या पोटात एक मऊ करणारी कोठी असते. तिच्यात रेझिनचे बारीक मणी असतात आणि प्रत्येक मण्यावर सोडियम बसलेले असते. एसटीतल्या बाकड्यांसारखे समजा. कॅल्शियमचा एक प्रवासी दोन जागा अडवतो, म्हणून तो चढला की सोडियमचे दोघे उतरतात. सगळी बाकडी कॅल्शियमने भरली की गाडी उपयोगाची राहत नाही. मग यंत्र मिठाचे दाट पाणी आत सोडते, सोडियमची एवढी गर्दी होते की कॅल्शियम रेटून बाहेर पडते आणि ते पाणी थेट गटारात जाते. मिठाचा डबा आहे तो यासाठी. भांड्यांना त्यातले मीठ लागत नाही, आणि लागत असेल तर झाकण सैल आहे.

"खारट पाणी आहे तर अजून मीठ कशाला?" हा प्रश्न मला आमच्या मातोश्रींनी विचारला होता, आणि वरच्या एसटीवर त्यांचे समाधान झाले. त्यांनी मग घरचे बारीक मीठ टाकायला घेतले, ते मात्र थांबवावे लागले. खायच्या मिठात आयोडीन आणि ते मोकळे राहावे म्हणून घातलेली द्रव्ये असतात. त्याचा गोळा होतो आणि नळ्या चोंदतात. डिशवॉशरचे जाड दाण्याचे मीठच घ्या. पहिल्यांदा भरताना आधी त्या डब्यात पाणी ओतायचे, मग मीठ, साधारण किलोभर किंवा थोडे जास्त. पाणी फक्त पहिल्यांदा, पुढे नुसते मीठ. आणि मीठ भरल्यावर लगेच एक फेरी चालवायची, कारण सांडलेले खारे पाणी रात्रभर राहिले तर स्टीललाही गंजाचे ठिपके पडतात.

किती जडपणा आहे ते यंत्राला सांगावे लागते. इथे एक घोटाळा होतो. आरओवाल्याकडचे टीडीएस मीटर म्हणजे जडपणा नव्हे. टीडीएसमध्ये विरघळलेले सगळेच येते. जडपणा फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. यंत्राबरोबर आलेली कागदाची पट्टी बुडवून बघा, नाहीतर पाण्याच्या प्रयोगशाळेत 'टोटल हार्डनेस' काढून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. यंत्राच्या पुस्तिकेत हेच बऱ्याचदा जर्मन अंशांत असते. मिलिग्रॅमला १७.८ ने भागले की अंश मिळतात, म्हणजे २०० चे झाले सुमारे ११. पावसाळ्यात धरणाचे आणि मेमध्ये टँकरचे पाणी येत असेल तर वर्षातून दोनदा ही सेटिंग बदलावी. मी ती टाकीत टँकर लागला की वाढवतो आणि गोदेला पहिला पूर आला की उतरवतो. आरओचे पाणी जोडायचा विचार असेल तर सोडून द्या. त्यात पाणी वाया जातेच, शिवाय फार मऊ पाण्याने काच झिजते.

ग्लासांवर पांढुरके आले तर लिंबाची फोड घासून बघा. गेले तर क्षार आहेत, मिठाची सेटिंग वाढवा. नुसत्या पाण्याने गेले तर मिठाच्या डब्याचे झाकण बघा. कशानेच जात नसेल तर काच झिजली आहे, ती परत येत नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेले वाइनचे पातळ ग्लास (नाशकात राहून ते घरात नसायचे कुठले) हातानेच धुवावेत.

कोणती भांडी आत जात नाहीत

हे यंत्र मुळात बश्यांसाठी जन्मले. जोसेफीन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी १८८६ मध्ये पेटंट घेतले. त्यांनी आपल्या बश्या मोजून त्या मापाचे तारेचे कप्पे केले आणि ब्रशऐवजी पाण्याच्या दाबाने धुण्याची युक्ती काढली. आजच्या ट्रेमधल्या उभ्या तारा त्यांच्याच वारस. आपली पातेली त्या तारांत मुकाट्याने बसत नाहीत, म्हणून ज्या यंत्रात दुमडणाऱ्या तारा असतील तेच घ्या.

भांडी बाजारातून आणलेली पितळेची, तांब्याची भांडी आत घालू नका. डिशवॉशरचा साबण तीव्र अल्कधर्मी असतो. त्याने पितळ काळवंडते आणि कल्हई उतरते. ॲल्युमिनियमचा कुकर आणि हिंडालियमची कढई करडी-काळी होतात. ते ॲल्युमिनियमवर अल्कलीने केलेले काम आहे, घासून जात नाही. बिडाचा तवा तेलाने मुरवलेला असतो, तो एका फेरीत उघडा पडून गंजतो. लाटणे, पोळपाट, रवी फुगतात. नॉनस्टिकचा लेप लवकर जातो. राहिले स्टील, काच आणि चिनी माती, आणि तेवढे पुष्कळ आहे. स्टीलचा कुकर घालायचा तर शिट्टी आणि रिंग काढून.

भांडी आधी धुऊन आत ठेवणारे खूप. धुऊ नका. खरकटे काढा, चहाचा चोथा आणि कढीपत्ता झटका, बस. 'ऑटो'मध्ये पाण्याचा गढूळपणा बघणारा सेन्सर असतो. तुम्ही तर्री विसळून दिलीत की त्याला पाणी निर्मळ दिसते, तो फेरी आखूड करतो आणि मग तळाशी चिकटलेली डाळ तशीच राहते. साबणाच्या कप्प्यासमोर मात्र परात उभी करू नका. झाकण उघडायला जागाच मिळत नाही, गोळी अर्धी ओली आत राहते आणि लोक गोळीला शिव्या देतात.

पाणी जाताना, आणि न जाताना

सर्वांत जास्त हाका इथल्या. तळाशी पाणी उभे, पंप घुरघुरतो. नवे यंत्र पहिल्याच दिवशी असे करत असेल तर सिंकखाली बघा. सिंकच्या ट्रॅपला, म्हणजे खालच्या वळणाच्या पाइपाला, डिशवॉशरसाठी जी नळी असते, तिचे तोंड कारखान्यातून बंद येते. ते कापून उघडायचे असते. कारखान्यात आयुष्य काढून माझ्याच घरी मी ते उघडले नव्हते, हे इथे लिहून टाकतो.

ड्रेनचा पाइप सिंकखालून वर ओट्याच्या पोटाशी नेऊन, तिथे बांधून मग खाली ट्रॅपला उतरवायचा. ही कमान नसेल तर सिंकमधले खरकटे पाणी उलटे यंत्रात येते आणि वास मारतो. पाइप सरळ जमिनीवरच्या नहाणीत सोडला तर उलटा प्रकार होतो: यंत्र पाणी घेते आणि ते सायफनने आपोआप निघून जाते. यंत्र अर्धा तास नुसते पाणीच भरत बसते. काही ठिकाणी हा बिघाड म्हणून इनलेट व्हॉल्व्ह बदलून झालेला असतो.

चालू यंत्र अचानक पाणी सोडेनासे झाले तर पिन काढा, नळ बंद करा, हातमोजे घाला. वाटीने आणि स्पंजने पाणी काढा. जाळी फिरवून बाहेर काढा. तिच्या खालच्या खळग्यात टॉर्च मारा. एका बाजूला ड्रेन पंपाचे छोटे झाकण दिसेल. बऱ्याच यंत्रांत ते चमच्याच्या दांड्याने उचकटून निघते. आत इवलासा पंखा असतो. मला तिथे काचेचा तुकडा, लिंबाची बी, टूथपिक, माशाचा काटा आणि एकदा नथीतला मोती मिळाला. पंखा बोटाने हलवला तर अडखळत फिरतो. ते चुंबकामुळे, त्यात दोष नाही. झाकण परत 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. ते नीट बसले नाही तरी पंप ओढत नाही. बॉश आणि सीमेन्सच्या यंत्रांवर ई २४ किंवा ई २५ आणि एलजीवर ओई दिसले तर कथा हीच.

ई १५ ची कथा वेगळी, आणि घाबरवणारी. यंत्राच्या बुडाशी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची परात असते, तिच्यात थर्मोकोलचा तरंगता तुकडा. गळतीचे पाणी तिथे साठले की तुकडा वर येतो, स्विच दाबला जातो, पाणी बंद होते आणि ड्रेन पंप अखंड चालू राहतो. यंत्र तिरके करून पाणी ओतून टाकले की ते सुरू होते, म्हणून लोक तेवढ्यावर थांबतात. पण पाणी आले कुठून? बहुतेक वेळा फेसातून. डिशवॉशरच्या साबणाऐवजी कोणीतरी भांड्यांचे हिरवे लिक्विड चमचाभर टाकलेले असते. फेस दाराखालून आणि फटींतून उतरतो, शिवाय पंप पाण्याऐवजी हवा घुसळतो. अशा वेळी फेरी रद्द करून पाणी काढायचे, फेस कपड्याने टिपायचा, गार पाणी ओतून पुन्हा काढायचे, फेस सरेपर्यंत. फेस नसेल तर दाराचे रबर, विशेषतः खालचे कोपरे, आणि पाइपांचे जोड बघायचे. तिथेही काही नसेल तर आतला एखादा जोड सुटला आहे आणि मेकॅनिकच हवा.

भांडी तेलकट, गोळी अर्धवट, आणि फेरी संपल्यावरही आत गारवा, असे तिन्ही एकत्र असेल तर हीटरवर संशय घ्या. घरातले बाकीचे सगळे बंद करून विजेच्या मीटरवरचा लाल दिवा बघा. फेरीच्या पहिल्या अर्ध्या तासात तो कधीतरी भराभर लुकलुकायला हवा. नुसता सावकाश मिणमिणत राहिला तर हीटर विजेला हातच लावत नाही. पुढे मी स्वतः उघडत नाही, तुम्हीही उघडू नका.

राहिली निगा

जाळी आठवड्यातून एकदा नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने. पंखे महिन्यातून एकदा काढून भोकांतली मोहरी आणि जिरे काडीने उकरायचे. पंखा फिरतो की नाही याची शंका असेल तर तो कुठे थांबला आहे ते लक्षात ठेवून यंत्र पाच मिनिटे चालवा, दार उघडून बघा. जागा बदललेली हवी. दाराच्या खालच्या काठावर पाण्याचा फवारा पोहोचत नाही, तिथे चिकट काळा थर जमतो आणि 'मशीनला वास येतो' तो बहुधा तिथूनच. ओल्या फडक्याने पुसा. महिन्या-दोन महिन्यांनी रिकाम्या यंत्रात डिशवॉशर क्लीनर किंवा थोडे लिंबूसत्त्व घालून सर्वांत गरम फेरी. व्हिनेगर वारंवार नको, रबराला सोसत नाही.

मे महिन्यात गावी जाणार असाल तर निघायच्या आधी जाळी धुवा, तळाचे पाणी स्पंजने टिपून घ्या, नळ बंद करा, पिन काढा आणि दार दोन बोटे उघडे ठेवा. सिंकखालून ड्रेनचा पाइप जिथे भिंतीत किंवा कपाटात शिरतो ते भोक जाळीने किंवा सिमेंटने बुजवा. उंदरांना तो वळ्यावळ्यांचा पाइप फार आवडतो आणि झुरळांना यंत्राच्या कुशीतली ऊब. परत आल्यावर पहिली फेरी रिकामी चालवा, आणि ती चालू असताना सिंकखालचे दार उघडे ठेवून टॉर्च मारून बसा.